सातशे ग्रॅम

लायसनची फाइल दोन वर्षं फिरली.
निवडायला पाऊण तास लागला.

अमरावतीच्या दुकानात लढ्ढांनी
काचेवर हिरवी मखमल अंथरली
आणि एकेक नग काढून ठेवला,
सोनार ठेवतो तसा, फक्त तोंडं भिंतीकडे.
मी आधी मोठ्याला हात घातला.
"हे घरीच राहील," ते म्हणाले,
"कपाटात, लुगड्यांच्या खाली.
ज्या दिवशी लागेल
त्या दिवशी तुम्ही पुसल्याच्या पुलावर
आणि हे कपाटात.
रोज अंगावर राहील ते घ्या."

पुसल्याच्या पुलाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.
हरिदास बेलेच्या डोळ्यांत तिखट टाकून
दोघांनी संत्र्याचे चार लाख नेले तिथे.
आठवडाभर तो तिखटाबद्दलच बोलायचा,
पैशांबद्दल नाही.

मग ते लहान.
बत्तीसचं रिव्हॉल्वर, आखूड नळीचं,
मूठ एवढीशी, की माझी करंगळी
खाली लोंबत राहिली, बिनकामाची.
मी डोळे मिटून तळहातावर तोललं.
"सातशे?"
त्यांनी कागद पाहिला. "सातशेच. कसं कळलं?"
काय सांगणार.
आंबिया बहाराची पाच फळं,
जरा पातळ सालीची.

गफूरभाईनं टेप गळ्यात टाकला.
"शेठ, मोबाइलले खिसा शिवला, तंबाखूले शिवला,
याले आतून काय लावू?
सुती लावलं तं घामानं गंजते."
शेवटी सीट कव्हरचं रेक्झिन लावलं,
बंडीच्या आत, डाव्या बरगडीवर.
जिथे माझा फळ कापायचा चाकू असायचा.
"कोनाले सांगत नाई," म्हणाला.
संध्याकाळी मंडीतले हमाल
दोन हात लांबून रामराम करू लागले.

लपवणं म्हणजे हे:
सगळ्यांना माहीत असतं
आणि कोणी तिकडे बघत नाही.

बगीच्यात आता मी फांदीखाली वाकत नाही,
फळ तोडून आणा म्हणतो.
ढोमणे आधी माझा भाव ऐकून
माझ्या बापापासून सुरुवात करायचा,
मग चहा मागवायचा.
आता नुसता चहा येतो.
भाव तोच सांगतो मी, देवाशपथ,
पण तो मान हलवतो लगेच,
आणि त्या व्यवहारात मला चार पैसे सुटतात
ते मोजताना बोटं चिकटतात.

भाच्याच्या लग्नात व्याही गळाभेटीला आले,
मी उजवा खांदा पुढे केला.
नात डाव्या कडेवर यायला पाहते,
तिला मी घोड्यासारखं पाठीवर घेतो.
सिंधूनं पहिल्या रात्री विचारलं,
"किती गोळ्या हायेत त्यात?"
"सहा."
"आन् सात जन आले तं?"
हसली. मग नाही हसली.
"ताटावर बसता तवा तरी काढून ठेवत जा."

परवा आचारसंहिता लागली.
ठाण्यात रांगेत आम्ही आठ जण होतो,
एकमेकांच्या कमरेकडे न बघता उभे.
मुन्शीनं नंबर वाचला, चिठ्ठी बांधली,
पेटीत टाकलं. पेटीचा आवाज
साध्या लोखंडाचा झाला, विळ्या-पासांसारखा.
"परत कधी?"
"निकालानंतर या. सही करा."
पावती गुलाबी, पातळ,
घडी करून मी त्याच खिशात ठेवली.

पुलावरून येताना गाडी हळू केली.
कोणी नव्हतं. बाभळीखाली एक शेळी.
मी छातीवर हात ठेवून पाहिला,
रेक्झिनच्या आत कागद कुरकुरला.

दारात सिंधू म्हणाली,
"जमा केलं ना? मंग असे वाकडे कायले चालता?"
मी सरळ व्हायचा प्रयत्न केला,
डावा खांदा आपसूक खाली गेला,
पाच फळांइतका.